डीएलएल सापडत नाही? आधी ती कोणाची ते बघा

कराडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमला चालायला लागणारी मदतनीस फाइल; ती नसली की प्रोग्रॅम उघडत नाही. ऐन लग्नसराईत पत्रिका छापणारे एक काका सीपीयू काखोटीला मारून आले. "डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडंना. एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल नाही म्हणत होतं. पुतण्यानं नेटवरनं आणून टाकली, तर आता भलताच आकडा येतोय."

तो आकडा म्हणजे शेवटी '७बी' असलेला लांबलचक कोड. अशा वेळी ६४ बिटच्या प्रोग्रॅमला बहुतेक ३२ बिटची फाइल मिळालेली असते (प्रोग्रॅमचे हे दोन प्रकार, एकाला दुसऱ्याची डीएलएल चालत नाही). ६४ बिट विंडोजमध्ये नावांची गंमतच आहे: सिस्टम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फायली राहतात, आणि ३२ बिटच्या सिसवाव६४ मध्ये. पुतण्याने नाव बघून बरोब्बर उलटं केलं होतं. शिवाय कुठल्याही साइटवरून सुटी डीएलएल आणायची म्हणजे रस्त्यात सापडलेली गोळी तोंडात टाकण्यासारखं. तिच्यात काय आहे, देव जाणे.

मुळात फाइल गेली कुठे? काकांनी जागा करायची म्हणून इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रॅम्सची यादी उघडली होती. तिथे 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++' सात-आठ वेळा दिसलं. हरवलेली डीएलएल याच्याच एका संचातली. डबल झालंय समजून त्यांनी काही काढून टाकली. ती डबल नसतात हो! २००८, २०१०, २०१३ यांचे संच वेगवेगळे, आणि प्रत्येकाचा एक्स८६ (३२ बिट) व एक्स६४ (६४ बिट) असा जोड. फाइलच्या नावातला आकडाच सांगतो ती कुठली: १०० म्हणजे २०१०, १२० म्हणजे २०१३, १४० म्हणजे २०१५ आणि त्यानंतरचा.

तर मी काय केलं? पुतण्याची फाइल आधी उडवली. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून १४० वाला संच, म्हणजे व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल, उतरवला, एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही टाकले आणि मशीन रीस्टार्ट केलं. तुमच्या यादीत ते आधीच असेल, तर 'मॉडिफाय'मधून 'रिपेअर' करून बघा.

फाइल त्या सॉफ्टवेअरचीच असेल, तर ते काढून पुन्हा टाका. त्याआधी अँटिव्हायरसचं क्वारंटाइन (संशय आलेल्या फायली डांबायची जागा) मात्र उघडून बघा, कारण पुष्कळदा फाइल तिथेच कोंडलेली असते. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर असेल तर ती सोडवू नका. अशा वेळी अँटिव्हायरस बहुतेक उगाच भुंकत नसतो.

विंडोजची स्वतःची फाइल बिघडली असेल (अपडेट चालू असताना लाइट गेली की असं होऊ शकतं), तर कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. तिथे विंडोजच्याच दुरुस्तीच्या दोन कमांड चालवा: आधी डिझमची रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ. डिझम विंडोजचा राखीव साठा नीट करतं आणि एसएफसी त्यातूनच चांगली फाइल उचलतं, म्हणून हाच क्रम. मध्येच टक्केवारी अडकल्यासारखी दिसते. खिडकी बंद करू नका, चहा घेऊन या.

एवढं करूनही आठवडाभरात दुसरीच फाइल बिघडली, तर विंडोजच्या मागे लागू नका. आधी डेटाचा बॅकअप घ्या, मग हार्ड डिस्क आणि रॅम तपासायला द्या. काकांचं तसं काही नव्हतं, पाऊण तासात सीपीयू परत गेला.