माउस अडखळला की आधी झाकण उघडा

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबाऱ्यासाठी रांग लागली की बिनतारी माउस नेमका तेव्हाच अडखळतो.

लगेच नवा सेल आणायला धावू नका. माउस बंद करून सेल काढा अन् स्प्रिंगवर पांढरी भुकटी आहे का पाहा. सेल गळला की ती साचते. हात न लावता कापसाच्या बोळ्यावर लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. कापसाला आमच्याकडे काय तोटा!

मग मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, सेलला लावा. नवा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टच्या वर दाखवतो; १.१ च्या खाली गेलेला बदला. चार्जिंगचा सेल मात्र १.२ वरच चालतो, त्याला मेला समजू नका.

तरीही अडखळतोच? माउसचा रिसीव्हर, म्हणजे संगणकात खोचलेला छोटा तुकडा, निळ्या यूएसबी पोर्टातून काढून काळ्यात लावा. रात्री माउसच्या खालचं बटण बंद करा. मी तीनदा विसरलो.