व्याधाचा सा काळी चारचा

ताऱ्यांच्या प्रकाशातून थेट मैफलीत संगीत करायचंय, असं म्हणणारी बहुतेक मुलं आधी सॉफ्टवेअर कोणतं ते विचारतात. कॅमेऱ्याचे आकडे वाचायला पायथन, आवाज काढायला प्युअर डेटा, दोन्ही फुकट. खरं काम त्याच्या आधीचं आहे: कोणत्या प्रकाशाला कोणता सूर द्यायचा? ते मनाला येईल तसं ठरवलं, तर ताऱ्याचं त्यात काही उरत नाही.

मी हायड्रोजन धरला. दुर्बिणीला ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच, लावली की व्याध ताऱ्याचा वर्णपट पसरतो आणि त्यात हायड्रोजनच्या काळ्या रेघा दिसतात. लाल रेघेची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर. तिची वारंवारता ४१ सप्तकं खाली आणली, म्हणजे ४१ वेळा निम्मी केली, की २०७.७ हर्ट्झ येते. म्हणजे काळी चार, कितीतरी गायिकांची नेहमीची पट्टी! हा सा धरला की दुसरी रेघ त्याच्या २७/२० पटीवर येते, शुद्ध मध्यमापेक्षा बरोबर एका प्रमाणश्रुतीने, म्हणजे श्रुतींमधल्या सर्वांत लहान अंतराने, चढी. तिसरी पंचमाच्या किंचित वर. आणि चौथी ८/५, नेमका कोमल धैवत. कागदावर हे गुणोत्तर सुटलं तेव्हा अंगावर काटा आला होता. साथीला हार्मोनियम मात्र घेऊ नका, तो चढा मध्यम तिच्यात नाही. सारंगी घ्या.

कॅमेरा निवडताना एक सांभाळा. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढची गाळणी हाच लाल रंग बराचसा अडवते, म्हणजे नेमका सा दबतो. ग्रहांच्या चित्रणासाठी मिळणारा कृष्णधवल कॅमेरा बरा. त्याची छोटीशी चौकटच वाचली, तर सेकंदाला शंभरावर फ्रेम मिळतात.

आता रेघा काही क्षणाक्षणाला बदलत नाहीत. बदलतं ते लुकलुकणं, आणि मैफलीचा जीव तिथेच आहे. तारा क्षितिजाजवळ असताना लाल आणि निळा प्रकाश हवेतून थोड्या वेगळ्या वाटांनी येतो, त्यामुळे प्रत्येक रंग स्वतंत्र लुकलुकतो. म्हणून प्रत्येक सुराचा आवाज मी त्या-त्या रेघेशेजारच्या उजेडावर सोडतो. व्याध उगवताना सा, म, प, ध चौघेही वेगवेगळे थरथरतात. तारा वर चढला की एकत्र, शांत होत जातात. आपल्या बढतीच्या, म्हणजे राग संथपणे सुरू करून वाढवत नेण्याच्या, उलटा क्रम आहे हा, गायिकेला आधीच सांगून ठेवा. आणि भिंग लहानच वापरा, मोठ्या दुर्बिणीत लुकलुकणं सरासरीत विरून जातं.

जानेवारीत व्याध संध्याकाळीच उगवतो, तेव्हा सुरुवात तिथून करा. पूर्वेचं क्षितिज मोकळं असलेली जागा शोधा. भिंगावर दव धरतं, त्याला हीटरची पट्टी गुंडाळा. पुण्यात असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जा. १९४४ पासून तिथे हौशी आकाशनिरीक्षक जमतात, आणि वर्णपट घ्यायचा तर सोबत कुणी अनुभवी असलेलं बरं.

ढग आले तर आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग लावू नका. श्रोत्यांना सांगा, तानपुरा चालू ठेवा आणि गायिकेला गाऊ द्या.