चैत्रातलं हळदीकुंकू आणि जत्रा: या चुका टाळा

चैत्रगौर चैत्र शुद्ध तृतीयेला बसते आणि अक्षय्य तृतीयेला उठते. हळदीकुंकवासाठी अख्खा महिना हातात असतो, तरी पुष्कळ घरांत ते शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. तोवर ऊन तापलेलं असतं, आणि सकाळी केलेली डाळ संध्याकाळी बायका यायच्या आत आंबूस वास मारू लागते. म्हणून पहिली दुरुस्ती कॅलेंडरात करा आणि पहिल्या पंधरवड्यातला दिवस धरा. कैऱ्याही तेव्हा कोवळ्या, करकरीत आणि चांगल्या आंबट असतात.

आंब्याची डाळ

सगळ्यात जास्त बिघडते ती हीच, कारण यात हरभऱ्याची डाळ कच्ची असते. शिजवताना जे जंतू मरतात, ते इथे मरत नाहीत. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, आणि एप्रिलमधला आपला ओटा दिवसभर त्याच पट्ट्यात असतो.

रात्री डाळ भिजत घालून सकाळी वाटणं थंडीत चालतं, उन्हाळ्यात नाही. आता 4 तास पुरे. दाणा नखाने सहज तुटला की झालं. रात्रीच भिजवायची असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा. पाण्यावर फेस आला असेल, वास येत असेल तर ती डाळ धुऊन वापरायचा मोह टाळा. वास जातो, बिघाड राहतो.

डाळ पाणचट होते ती दोन कारणांनी. एक, निथळायला वेळ दिलेला नसतो. चाळणीत 20 मिनिटं, मग सुती फडक्यावर 10 मिनिटं, एवढं करायलाच हवं. दोन, मीठ आणि साखर फार आधी घातलेली असते. ती कैरीतलं पाणी ओढून घेतात आणि तासाभरात तळाशी ओघळ दिसू लागतो. वाटलेली डाळ, किसलेली कैरी आणि खोबरं वेगवेगळं ठेवून, पाहुण्यांना द्यायच्या अर्धा तास आधी कालवलं, की हा प्रश्न येत नाही.

प्रमाण असं: 1 वाटी कोरडी डाळ, अर्धी ते पाऊण वाटी कैरीचा कीस, पाव वाटी ओलं खोबरं, 3 हिरव्या मिरच्या, चमचाभर साखर, चवीपुरतं मीठ. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, पाण्याचा थेंबही नको. अगदी गंध वाटलंत तर तोंडात कच्च्या बेसनाची चव येते आणि ती कैरीनेही झाकली जात नाही. फोडणीला 2 ते 3 टेबलस्पून तेल, मोहरी, हळद, सुक्या मिरच्या, कढीपत्ता आणि सढळ हाताने हिंग. कच्च्या डाळीने पोट फुगतं, म्हणून इथे हिंगात काटकसर करू नका. फोडणी पूर्ण गार करून ओता. कडकडीत ओतली तर डाळ जागोजागी अर्धवट शिजते आणि गोळे होतात.

आधीच सैल झाली असेल तर दोन चमचे फुटाण्याच्या डाळ्याचं जाडसर कूट मिसळा, पाणी टिपलं जातं. खोबरं घातल्यावर मात्र ती बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. मोठा डबा फ्रिजमध्ये, बाहेर लहान वाडगा, संपला की पुन्हा भरायचा.

पन्हं

पन्ह्यात सहसा दोन तक्रारी असतात, घसा खवखवतो किंवा चव उथळ लागते. खवखव बहुतेक वेळा चिकाची असते. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं, आणि आंब्याच्या देठाशी असलेला चीकही त्वचेला झोंबतो. देठाकडची चकती कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवा, मग चोळून धुवा. एवढ्याने काम होतं.

चव उथळ होते ती कैऱ्या थेट पाण्यात उकडल्यामुळे. साल फुटते आणि निम्मा आंबटपणा पाण्यात उतरतो. डब्यात पाणी न घालता, कुकरला 3 शिट्ट्या करा. 1 वाटी गराला सव्वा ते दीड वाटी गूळ आणि अर्धा चमचा मीठ गर गरम असतानाच घाला. वेलदोडा आणि केशर गार झाल्यावर. गरम गरात वेलचीचा वास निम्मा उडून जातो. गर चाळणीतून गाळला की रेषा येत नाहीत. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तो ठेवू नका, आंबटपणा धातूवर चढतो. काचेची बरणी उत्तम.

एक भाग गर, तीन भाग पाणी. किलोभर कैऱ्यांत 40 छोटे पेले आरामात होतात. बर्फ पेल्यात टाकण्यापेक्षा पाणीच फ्रिजमधलं घ्या, नाहीतर शेवटच्या पाहुणीला नुसतं गोड पाणी मिळतं.

ओटीचे हरभरेही उन्हाळ्यात असेच बिघडतात. 8 तास भिजवा, निथळा, ओलसर फडक्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांत दुपारीच भरून ठेवले तर संध्याकाळपर्यंत बुळबुळीत होतात.

कलिंगडाबद्दल एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पन्ह्याला त्याचा आंबटपणा बराच काळ सांभाळतो, पण कलिंगडात आंबटपणा जवळजवळ नसल्याने कापलेल्या फोडी कैरीपेक्षा फार लवकर खराब होतात. गौरीपुढे आरास म्हणून कमळासारखं कोरलेलं कलिंगड दिवसभर ठेवलंत तर ते आरासच समजा, प्रसाद म्हणून वाटू नका. आणि कापण्याआधी साल धुवा. सुरी सालीवरची माती थेट गरात नेते.

माठ गार का होत नाही

माठ झिरपतो म्हणून गार होतो. बाहेर आलेलं पाणी उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, एका ग्रॅमला सुमारे 580 कॅलरी. तेव्हा माठाला ऑइलपेंट लावणं, तो बंद कोपऱ्यात ठेवणं किंवा साबणाने घासणं म्हणजे त्याचं कामच बंद पाडणं. साबण तर छिद्रांत बसतो आणि पाण्याला वास देतो. नुसत्या काथ्याने घासा, नवा माठ 24 तास पाण्यात बुडवून ठेवा, मग खिडकीच्या वाऱ्यात, ओल्या फडक्यावर मांडा. कोकणातल्या दमट हवेत तो विदर्भाइतका गार होणार नाही, त्यात माठाचा दोष नाही. वाळ्याची जुडी टाकत असाल तर दर तीन-चार दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवा.

जत्रेला जाताना

जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला. सप्तशृंगीचा चैत्रोत्सव रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत चालतो, आणि शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढतात त्याही याच पंधरवड्यात. सगळीकडे डोंगर, ऊन आणि गर्दी. ऐन दुपारी रांगेत उभं राहणं ही सर्रास होणारी चूक. पहाटे पोचा किंवा थेट उन्हं कलल्यावर. पायताण काढल्यावर तापलेल्या फरशीवर पाय पोळतात, म्हणून जाड सुती मोजे पिशवीत असू द्या.

जोतिबाला गुलाल चुकत नाही. निघण्याआधी हातापायांना आणि केसांना खोबरेल लावा, रंग धुताना सुटतो. डोळ्यांत गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याचा सपकारा मारा. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या काठ्या, नाचवल्या जात असताना फोटोसाठी त्यांच्या खाली घुसू नये. काठी उंच असते आणि तोल जाईल त्या बाजूला येते.

गोळ्याच्या गाडीवर बर्फाकडे बघा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम 2018 पासून आहे, तेव्हा निळसर लादी दिसली की पुढे चला. रंगहीन आहे एवढ्यावर मात्र तो खाण्याचा आहे असं ठरत नाही. उसाचा रस बिनबर्फाचा, समोर काढलेला, लगेच प्यायचा. तो काळपट होतो ते उसातल्याच विकरांमुळे. लिंबू पिळलं की ते मंदावतं.

नुसतं पाणी ढोसत राहणं पुरत नाही, घामातून मीठही जातं. उलट्या-जुलाब झाले तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालेलं मीठ लहान मुलांना घातक ठरतं. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर घाम येत असो वा नसो, 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.