पीडीएमएस चिपमध्ये रक्त अर्ध्यात अडकतंय? माझा अनुभव

रक्तातून प्लाझ्मा (पेशींशिवायचा द्रव भाग) वेगळा करायची माझी चिप पीडीएमएसची, म्हणजे हवा मुरू देणाऱ्या सिलिकॉन रबराची, आत बारीक चॅनेल. इनलेटवर (आत जायच्या छिद्रावर) थेंब ठेवला की रक्त थोडं आत जायचं आणि बुडबुड्यापाशी थांबायचं. चॅनेल ओलं होऊन द्रव ओढून घ्यावं म्हणून करतात त्या ऑक्सिजन प्लाझ्मा ट्रीटमेंटचा (हा प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित वायू, रक्तातला नव्हे) असर काही दिवसांत उतरतो, सिरिंज पंपाने जोर लावला तर पेशी फुटून रक्ताचा प्लाझ्मा गुलाबी. जाम वैताग!

शेवटी पंपच काढला. आउटलेट (बाहेर पडायचं छिद्र) टेपने बंद केलं, चिप तासभर डेसिकेटरमध्ये (हवाबंद भांड्यात) व्हॅक्यूमखाली ठेवली, म्हणजे पीडीएमएसमधली हवा निघते, ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ट्यूब हळू उलटसुलट करून रक्त पिपेटमध्ये आधीच भरून ठेवलं, मग व्हॅक्यूम सोडून दोनेक मिनिटांच्या आत 5 मायक्रोलिटरचा थेंब, इनलेट पूर्ण झाकेल असा. उशीर नको, बाहेरची हवा पीडीएमएसमध्ये लगेच परत मुरायला लागते. आता चॅनेलमधली हवा, अगदी बुडबुडासुद्धा, पीडीएमएसच शोषून घेतं आणि रक्त आपोआप सरकतं, लाल पेशी तळाच्या खड्ड्यात बसतात, पुढे जातो तो स्वच्छ पिवळसर प्लाझ्मा.