रस्त्यावर नेहमी होणाऱ्या चुका: पायी, सायकलवर आणि गाडीत काय टाळावं

बऱ्याच अपघातांच्या मुळाशी एक समजूत असते: "त्याने मला पाहिलंय, तो थांबेल." यातल्या दोन्ही गोष्टी चुकू शकतात. त्याने पाहिलेलं नसतं, किंवा पाहिलं तरी थांबायला जागा उरलेली नसते. म्हणून आधी जागेचा हिशोब.

धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात ताशी 40 किमी वेगाची गाडी 17 मीटर, 60 ची 25 मीटर आणि 80 ची 33 मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर ब्रेक लागतो. टायर चांगले आणि डांबर कोरडं असेल तर 40 ला आणखी 9, 60 ला 20 आणि 80 ला 35 मीटर लागतात. एकूण धरलं तर 26, 45 आणि 68 मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे इथेच दिसतं. ओल्या रस्त्यावर 60 च्या गाडीलासुद्धा 60 मीटर लागू शकतात. पावसाच्या पहिल्या सरीत तर जास्तच जपा, कारण उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ वर येऊन रस्ता बुळबुळीत होतो.

रस्ता ओलांडताना

दोन पदरी रस्ता साधारण 7 मीटर रुंद असतो. नेहमीच्या चालीने, म्हणजे सेकंदाला 1.2 मीटर, तो पार करायला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी 60 ची गाडी 100 मीटर येते. शहरात दिव्यांचे खांब साधारण 25 ते 30 मीटरवर असतात. गाडी चार खांबांपेक्षा जवळ असेल तर ती जाऊ द्या. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तर आठ सेकंद धरा आणि आणखी एक खांब सोडा.

1. जागा नीट निवडा. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर ओलांडू नका. एसटीतून उतरल्यावर बसच्या पुढून तर अजिबात नको. बसला ओव्हरटेक करणाऱ्याला तुम्ही दिसता तेव्हा तुमच्यात आणि त्याच्यात चार-पाच मीटरच उरलेले असतात. बस जाऊ द्या.

2. कडेला पूर्ण थांबून उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे बघा. दुभाजक किंवा एकेरी वाहतूक असली तरी दोन्हीकडे बघायचं. राँग साइडने येणारा दुचाकीवाला आपल्याकडे गृहीतच धरावा लागतो. कानावर विसंबू नका, इलेक्ट्रिक स्कूटरचा आवाज जवळजवळ नसतो.

3. हात दाखवणं ही विनंती असते, त्याने गाडीचा ब्रेक लागत नाही. हात जरूर दाखवा, पण वेग उतरताना दिसल्यावरच पाऊल टाका.

4. एक गाडी तुमच्यासाठी थांबली की खरी सावधगिरी सुरू होते. पलीकडच्या पदरातला चालक तुम्हाला पाहू शकत नाही. ही का थांबली, म्हणून तो तिला ओलांडून पुढे निघतो. थांबलेल्या गाडीच्या कडेशी येऊन पुन्हा थांबा, डोकावून बघा आणि मगच पुढे जा.

5. मध्येच मागे फिरू नका. तुम्ही त्याच चालीने पुढे जाल या अंदाजाने चालक तुमच्या मागून गाडी काढत असतो. आपण मागे पळालो की नेमके तिच्यासमोर जातो.

फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. डावीकडून चाललात तर धोका पाठीमागून येतो आणि बाजूला व्हायची संधीही मिळत नाही.

रात्री गडद कपड्यातला माणूस गाडीच्या डिपरच्या, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटच्या उजेडात साधारण 25 ते 30 मीटरवर आल्यावर दिसतो. हे अंतर 60 च्या गाडीला थांबायला लागणाऱ्या 45 मीटरपेक्षा कमी आहे, म्हणजे चालक दक्ष असूनही धडक होऊ शकते. रिफ्लेक्टरची पट्टी मात्र शंभर मीटरच्या पुढूनही चमकते. पंढरपूरला किंवा शिर्डीला पायी निघणाऱ्या छोट्या दिंड्या आणि नवरात्रात ज्योत आणणारी मंडळं पहाटेच्या अंधारात चालतात. मोठ्या पालखीसारखा बंदोबस्त त्यांना नसतो. सगळ्यांना जाकिटं घेणं जमत नसेल तर निदान शेवटच्या दोघांना द्या. मागच्या माणसाच्या हातात लाल दिवा आणि पुढच्याच्या हातात पांढरा हवा. टेम्पो सोबत असेल तर तो मागे ठेवा, चारही इंडिकेटर चालू ठेवून, कारण पायी चालीने जाणारी गाडी जवळजवळ उभीच असते.

सायकलवर

सायकलस्वार सहसा रस्त्याच्या अगदी कडेला चिकटतो. तिथेच खडी, फुटलेल्या काचा आणि ड्रेनेजच्या जाळ्या असतात. खड्डा आला की तो अचानक उजवीकडे सरतो आणि मागच्याला त्याची कल्पनाही नसते. त्यापेक्षा कडेपासून सुमारे एक मीटर आत, सरळ रेषेत चालवा. उभ्या गाड्यांच्या बाजूने जातानाही एवढंच अंतर ठेवा, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही.

वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघा, हात दाखवा, पुन्हा बघा, मग वळा. हात दाखवायला सगळे विसरतात असं नाही, पण हात आणि वळण एकाच क्षणी केलं तर इशाऱ्याचा उपयोग काय?

सगळ्यात घातक जागा म्हणजे सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकची किंवा बसची डावी बाजू. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. डावीकडच्या चिंचोळ्या जागेत घुसलेला सायकलस्वार किंवा दुचाकीस्वार त्या चाकाखाली येतो. साधी खूण लक्षात ठेवा. ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मागेच थांबा.

शॉर्टकट म्हणून उलट्या दिशेने सायकल मारणंही महागात पडतं. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येऊन डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे बघतो, आणि तुम्ही त्याच्या डावीकडून येत असता.

हँडलला पिशव्या लटकवू नका, एखादी स्पोकमध्ये गेली की पुढचं चाक जागीच अडकतं. ब्रेकची दांडी पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर केबल आवळून घ्या. पावसात रिमवर दाबणारा ब्रेक पहिल्या फेऱ्याला पकडत नाही, म्हणून थोडा आधीच हलका दाबून रिम पुसून घ्या.

दुचाकीवर

पुढचा ब्रेक लावला तर गाडी उलटते, ही भीती खोल रुजलेली आहे. त्यामुळे अनेकजण नुसत्या मागच्या ब्रेकवर चालवतात. ब्रेक लागताच सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून थांबवण्याची बहुतांश ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. नुसता मागचा दाबला की चाक घसटत जातं, गाडी आडवी होते आणि थांबायला कितीतरी जास्त जागा लागते. हे शिकायचं असं: मोकळं मैदान, ताशी 20 चा वेग, हँडल सरळ. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा झटका न देता वाढत्या दाबाने लावा. जमलं की 30, मग 40. एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर आणीबाणीत ब्रेक दाबून धरायचा, सोडून पुन्हा दाबायचा नाही. वळणावर झुकलेल्या गाडीला, वाळूवर किंवा बारीक खडीवर पुढचा ब्रेक जोरात लावू नका. वेग वळणाच्या आधीच उतरवा.

हेल्मेटवर आयएस 4151 या भारतीय मानकाची खूण असावी आणि पट्टा लावलेला असावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोकं आपटायच्या आधीच उडून जातं. पट्टा आणि हनुवटी यांच्यात बोटभरच जागा ठेवा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी बदला, कारण आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा धक्का शोषत नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालाही त्याच्या मापाचं हेल्मेट हवं. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा लावायचा आणि वेग ताशी 40 च्या आत ठेवायचा, असा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. मूल पुढे उभं करून नेणं अजून सर्रास दिसतं. नुसत्या जोरदार ब्रेकनेही त्याचं तोंड हँडलवर आदळतं.

मागे बसणाऱ्यांनी ओढणी आणि पदर खोचून घ्यावा, साडी गार्ड काढून टाकू नये. वळण संपल्यावर इंडिकेटर बंद करायची सवय लावा. तो चालूच राहिला, तर फाट्यावर थांबलेला माणूस तुम्ही वळणार असं समजून रस्त्यावर येतो.

चारचाकीत

चौकातून सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. ती चुकीची आहे. बाजूच्या रस्त्यावरून बघणाऱ्याला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसते, म्हणजे एकच लुकलुकता दिवा. तो समजतो, ही गाडी वळणार. सरळ जायला कुठलाच इंडिकेटर लागत नाही. धुवाधार पावसात ते लावून पळणाऱ्यांचंही तेच. गाडी उभी आहे की चालते आहे, पदर बदलते आहे की नाही, काहीच कळत नाही. चालत्या गाडीला साधे हेडलाइट पुरेसे आहेत.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर मीटरमध्ये मोजता येत नाही, सेकंदांत येतं. ती एखाद्या खांबापाशी पोचली की सावकाश "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. हे म्हणून संपायच्या आधी तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात पाचपर्यंत मोजा.

समोरच्या काचेच्या बाजूचा खांब एक आख्खी दुचाकी सहज झाकतो. चौकात डोकं थोडं पुढे-मागे करून त्याच्या आड बघा. दार उघडताना दारापासून लांबचा हात वापरा. चालक डाव्या हाताने उघडतो तेव्हा शरीर आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

मागच्या सीटवरही पट्टा लावायचा. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि आणखी एक प्रवासी गेले. दोघे मागे बसले होते आणि पट्टे लावलेले नव्हते. मुलाला पुढे मांडीवर घेऊ नका, उघडणारी एअरबॅग त्याच्यावरच आदळते.

रात्र आणि घाट

डिपरवर साधारण 50 मीटर दिसतं (गडद कपड्यातला माणूस त्याहून जवळ आल्यावर) आणि 60 ची गाडी 45 मीटरमध्ये थांबते. म्हणून डिपरवर 60 च्या वर जाऊ नका. ऊसगाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरकडे हा हिशोब आणखी कामाचा. ट्रॅक्टर ताशी 20 ने चाललेला असतो, मागे दोन ट्रॉल्या, लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याने झाकलेला. तुम्ही 80 ने असाल तर दर सेकंदाला जवळजवळ 17 मीटर त्याच्या अंगावर जात असता. 50 मीटरवर दिसल्यापासून हातात तीन सेकंद, त्यातले दीड पाय ब्रेकवर नेण्यात गेले. ट्रॉलीवाल्यांनी पाल्याच्या बाहेर, कडेच्या लोखंडी पट्टीवर रिफ्लेक्टर लावावा आणि तो रोज पुसावा.

समोरच्याचे अपर, म्हणजे लांबवर जाणारे हेडलाइट, डोळ्यांत आले तर नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या रेषेवर न्या आणि वेग उतरवा. चिडून आपणही अपर लावला तर दोघेही काही क्षण आंधळे. समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर झोप नकळत येते, विशेषतः पहाटे 2 ते 5. गाणी लावून आणि काच उघडून ती जात नाही. विश्रांतीच्या जागी गाडी घेऊन वीस मिनिटं झोपा.

घाट उतरताना तो चढायला जो गिअर लागेल तोच ठेवा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सोडतात. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक निवू द्या, पाणी मारू नका. उतारावर चालत्या गाडीचं इंजिन बंद करणं न्यूट्रलहूनही वाईट, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि स्टिअरिंग जड होतं. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्या. आंबोलीसारख्या धुक्यात अपर नको, उजेड धुक्यावरून उलटून डोळ्यांवर येतो.

गाडी बंद पडली किंवा अपघात दिसला तर

गाडी साइडपट्टीवर घ्या. चारही इंडिकेटर लावायची जागा ही. लाल त्रिकोण 50 मीटर मागे ठेवा, हायवेवर 100. आपल्याकडे झाडाची फांदी आणि दगड मांडतात. गाडी दुरुस्त झाली की माणूस निघून जातो, दगड तिथेच राहतात आणि रात्री एखादा दुचाकीवाला त्यावर आदळतो. फांदी ठेवलीच तर निघताना उचला. प्रवाशांना गाडीत बसवू नका, रेलिंगच्या पलीकडे उभं करा.

जखमी दिसला तर 108 किंवा 112 लावा, राष्ट्रीय महामार्गावर 1033 ही चालतो. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 ए घालून त्याला संरक्षण दिलं आहे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जातं. श्वास अडकत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका. फोनवर "अमुक गावाच्या पुढे" एवढं पुरत नाही. रस्त्याचं नाव, कोणत्या शहराकडे जाणारी बाजू आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. राष्ट्रीय महामार्गावर या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावर हिरवा.