शिष्यवृत्तीचा शोध घरातल्या कागदांपासून

महाविद्यालयाच्या खर्चासाठी मदत शोधायची म्हटले की बहुतेक पालक आणि मुले योजनांच्या लांबलचक याद्या वाचू लागतात आणि तासाभरात गोंधळून जातात. गेली काही वर्षे आमच्या ठाणे-नवी मुंबई भागातील मुलांचे अर्ज भरून देताना मला असे आढळले आहे की, याद्या बाजूला ठेवून आधी घरातली कागदपत्रांची पिशवी उघडावी. आईवडील कोणते काम करतात, गावी किती जमीन आहे, राहते घर कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या महापालिकेच्या हद्दीत आहे, या प्रश्नांच्या उत्तरांतूनच आपल्यासाठी कोणती दारे उघडी आहेत हे समजते.

उदाहरणार्थ, वडील किंवा आई ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखाद्या कारखान्यात नोकरीला असतील, तर त्यांची जून किंवा डिसेंबरची पगारचिठ्ठी पाहावी. तीत कामगार कल्याण निधीची किरकोळ कपात दिसली, तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्तीची चौकशी मंडळाच्या जवळच्या केंद्रात अवश्य करावी. वर्षानुवर्षे ही कपात होत असूनही तिच्या बदल्यात मुलांना काय मिळू शकते याची अनेक कामगारांना कल्पना नसते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. पालक गवंडी, सुतार, रंगारी किंवा फरशी बसवणारे कारागीर असतील, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडील नोंदणी तपासावी. मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला ही नोंदणी करता येते. नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन अपत्यांना पदवी शिक्षणासाठी वर्षाला २०,००० रुपये, अभियांत्रिकीसाठी ६०,००० रुपये आणि वैद्यकीय शिक्षणासाठी १ लाख रुपये अशी मदत आहे. मात्र अर्ज करताना नोंदणी चालू असावी लागते, त्यामुळे तिचे नूतनीकरण राहून गेले असेल तर ते काम सर्वांत आधी करावे.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने जमीन संपादन केलेल्या ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांमधील कुटुंबांनी प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठीच्या विद्यावेतनाची विचारणा सिडकोकडे करावी. नवी मुंबई महापालिकेचा समाज विकास विभागही आपल्या हद्दीतील विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो. विधवा व घटस्फोटित महिलांची मुले, दगडखाण व नाका कामगारांची मुले आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुले यांच्यासाठी त्यात स्वतंत्र गट आहेत.

अर्थात, अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क मोठे असते आणि तेथे मुख्य आधार राज्य सरकारच्या योजनांचाच असतो. या योजनांची एक अट मी प्रत्येक पालकाला प्रवेशाआधीच सांगतो: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप राउंड’ म्हणतात त्यातून झालेला असावा. घराजवळचे महाविद्यालय मिळावे म्हणून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर ही शुल्कसवलत हातची जाते आणि पुढच्या चारही वर्षांचा भार कुटुंबावर पडतो. कॅपमधून प्रवेश मिळालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २.५ लाख रुपये आहे, आणि ज्यांना शासकीय वसतिगृह मिळाले नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. गावी सातबाऱ्यावर थोडी जमीन असलेल्या ठाणेकर पालकांचे मूल पुण्यात किंवा अन्यत्र वसतिगृहात राहणार असेल, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी अल्पभूधारक असल्याचा दाखला गावाकडून वेळेत मागवून घ्यावा.

कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील केंद्रीय क्षेत्र योजना पाहावी. बारावीत आपल्या मंडळात व शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे सर्वांत वरच्या २० टक्के मुलांत असलेल्या आणि ४.५ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, म्हणून दोन्हींची रक्कम ताडून पाहूनच निवड करावी.

दाखल्यांबाबत या परिसरात एक चूक वारंवार घडते. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात. पत्त्यात सगळेच ‘नवी मुंबई’ लिहीत असल्यामुळे खारघरचे पालक ठाण्याच्या तहसील कार्यालयापर्यंत जाऊन हात हलवत परत येतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र यांचे अर्ज निकालाची वाट न पाहता आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून करावेत, कारण निकालानंतर तेथे गर्दी उसळते. जात वैधता प्रमाणपत्राचे काम तर अकरावीतच सुरू करणे योग्य.

राज्याच्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरला जातो आणि भरल्यानंतर तो आधी महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकाकडे व मग संबंधित शासकीय विभागाकडे जातो. त्रुटी असल्यास अर्ज परत येतो आणि ठरावीक मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो, म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहावी. आमच्या इमारतीतील एका मुलीचा अर्ज मंजूर होऊनही पैसे कित्येक महिने दिसले नाहीत. शेवटी कळले की ते शाळेत असताना उघडलेल्या आणि विसरून गेलेल्या खात्यात जमा झाले होते. शिष्यवृत्ती ज्या खात्याशी आधार थेट लाभासाठी जोडलेले असते त्याच खात्यात जाते. ही जोडणी कोणत्या बँकेशी आहे ते आधारच्या संकेतस्थळावर तपासता येते.

एवढे करूनही रक्कम कमी पडली, तर कर्जाचा विचार करावा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या, इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे कॅपचे पसंतीक्रम भरण्याआधीच पाहून घ्यावे, कारण एकदा प्रवेश निश्चित झाल्यावर तो बदलण्याची संधी क्वचितच मिळते.