अ‍ॅडिशन कशी घ्यावी: झोरान रादमिलोविचच्या २९९ प्रयोगांतून

नाटक पंचवीसेक प्रयोगांच्या पुढे गेलं की नटाच्या तोंडी संहितेबाहेरची वाक्यं येऊ लागतात. हौशी संस्था असो की व्यावसायिक, ठाण्यात सगळे त्याला ‘अ‍ॅडिशन’ म्हणतात. ती घेण्याचं तंत्र मात्र तालमीत क्वचितच शिकवलं जातं. त्यासाठी सर्बियाचा नट झोरान रादमिलोविच (१९३३–१९८५) बारकाईने पाहावा.

बेलग्रेडचं ‘आतेल्ये २१२’ हे त्याचं नाट्यगृह. १९५६ मध्ये २१२ खुर्च्यांवर सुरू झालं म्हणून हे नाव. तिथे १९६४ मध्ये त्याने आल्फ्रेड जारीच्या नाटकातला इबी (उबू) राजा उभा केला आणि १९७३ पासून दुशान कोवाचेविचच्या ‘रादोव्हान तिसरा’मध्ये रादोव्हान. या दुसऱ्या भूमिकेचे २९९ प्रयोग झाले. त्यात तो इतकी भर घालत गेला की लोक पुन्हा पुन्हा येत, आज काय नवं बोलतो ते ऐकायला.

पहिली पायरी भूमिका तपासण्याची. रादोव्हान म्हणजे शहरातल्या उंच इमारतीत राहणारा, टीव्हीवरच्या मालिकेत बुडालेला आणि घरच्यांवर सतत डाफरणारा बाप. असा माणूस समोर येईल त्यावर बोलणारच. प्रेक्षकांत कोणी खोकलं तरी त्यावर डाफरणं त्याच्या स्वभावात बसतं. इबी राजाही तसाच, हावरट आणि तोंडाळ. या भूमिकांत भर मावते. तुमची भूमिका मितभाषी वकिलाची किंवा मुलगा गमावलेल्या बापाची असेल तर शब्दांची अ‍ॅडिशन घेऊच नका. फार तर एखादी नजर, एखादा थांबा. आपल्या तमाशातला सोंगाड्या बतावणीत मोकळा सुटतो, कारण ती जागाच त्याच्यासाठी ठेवलेली असते. दिवाणखान्याच्या तीन भिंतींच्या बॉक्स सेटवर ती जागा आधी शोधावी लागते.

ती शोधायची अशी. संहितेची एक प्रत वेगळी काढा. प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीताचे सगळे क्यू, म्हणजे ते बदलण्याचे इशारे, लाल पेनाने खुणवा. लाल खुणेच्या आधीची दोन आणि नंतरची दोन वाक्यं पूर्ण निषिद्ध. ऑपरेटर तुमच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवून बसलेला असतो. शब्द बदलला की ब्लॅकआउट लवकर पडतो किंवा पडतच नाही. पुढच्या प्रवेशासाठी लागणारी माहिती ज्या वाक्यांत आहे, नावं, नाती, पैसे, तिथेही हात लावू नका. उरलेल्या जागांतून प्रत्येक अंकात दोन-तीनच निवडा.

आता परतीचं वाक्य. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. अ‍ॅडिशन कुठूनही सुरू होऊ दे, संपताना संहितेतलं ठरलेलं वाक्य शब्दशः आलंच पाहिजे, कारण सहकलाकार त्याच वाक्याची वाट पाहत असतो. ते आलं नाही की तो गडबडतो, स्वतःची भर घालतो, तुम्ही उत्तर देता आणि प्रवेश दोन मिनिटं भरकटतो. परतीचं वाक्य सहकलाकाराला तालमीत सांगून ठेवा. अ‍ॅडिशन सांगितली नाही तरी चालेल. लांबी दहा सेकंद, जास्तीत जास्त पंधरा. हशा आला तर तो चढून उतरू लागेपर्यंत थांबा आणि पूर्ण विरायच्या आत परतीचं वाक्य टाका. हशा विरल्यावर त्याच जागी दुसरा विनोद जोडला तर बहुतेक वेळा पहिल्याचाही परिणाम जातो.

पंधरा प्रयोग होईपर्यंत काहीच घेऊ नये हे आमचं ठाम मत आहे. संहिता अंगात मुरली नसेल तर अ‍ॅडिशन म्हणजे विसरलेल्या वाक्यावरचं पांघरूण ठरते, आणि विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टरला ते लगेच कळतं.

स्थानिक संदर्भ जपून वापरा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवरचं वाक्य ठाण्याच्या घाणेकर किंवा गडकरी नाट्यगृहात टाळी घेईल, पण तेच नाशिकला शांतपणे पडेल. प्रत्येक गावासाठी वेगळं वाक्य शोधण्यापेक्षा त्या क्षणी प्रेक्षागृहात घडलेलं पकडा: वाजलेला मोबाइल, उशिरा आलेलं कुटुंब, रडणारं बाळ. त्यातही माणसाला लागेल असं बोलू नये. गडकरीच्या बाल्कनीत बसलेल्याला पहिल्या रांगेत काय झालं ते दिसत नाही, म्हणून संदर्भ वाक्यातच यायला हवा. घाणेकरच्या छोट्या प्रेक्षागृहात मात्र नुसत्या नजरेनेही काम होतं.

प्रयोग संपल्यावर घेतलेली प्रत्येक भर वहीत लिहा: तारीख, जागा, किती सेकंद, हशा आला की नाही. सलग तीन प्रयोगांत जी चालली ती दिग्दर्शकाला दाखवा; तो नको म्हणाला तर काढा. नाटकाची एकूण लांबी तीन मिनिटांपेक्षा वाढता कामा नये, नाहीतर नाट्यगृहाची वेळ आणि पुढच्या प्रयोगाचा सेट दोन्ही अडतात. आणखी एक: रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र मंजूर संहितेला मिळालेलं असतं. कोणाच्या जाती-धर्मावर, किंवा नाव घेऊन कोणा व्यक्तीवर भर घातली तर अडचण निर्मात्याची होते.

कॅमेऱ्यापुढचे नियम वेगळे. १९८२ च्या ‘मारातोन्त्सी’ या चित्रपटात रादमिलोविचने कबरींतल्या शवपेट्या उकरणारा बिली पितोन साकारला. तो पाहताना रादोव्हानच्या चित्रीकरणाशेजारी ठेवून पाहा. भाषा कळत नसेल तर आणखी बरं: पहिली दहा मिनिटं आवाज बंद करून फक्त खांदे, मान आणि थांबे मोजा.

घोडबंदरच्या स्टुडिओत मालिका करत असाल तर अ‍ॅडिशन टेकमध्ये नाही, रिहर्सलमध्येच बोलून दाखवा. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रवेश एकत्र टिपताना, जे बोललात ते क्लोजअपला जसंच्या तसं, कप त्याच हातात धरून, पुन्हा बोलावं लागतं. एकदाच सुचलेलं आणि पुन्हा न जमणारं वाक्य संपादकाला जोडता येत नाही, तो ते कापतो.